पूजेतल्या देवांना इतिहासजमा करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील मुलांच्या पानावर नुकतीच जगभरातील देवदेवता, भुतेखेते आणि अद्भुत प्राणी यांची सचित्र ओळख करून देणारी लेखमाला सुरू झाली आहे. ग्रीकांचा झ्यूस, इजिप्तची आयसिस, नॉर्स लोकांचे ओडिन आणि लोकी, जपानची सूर्यदेवता अमातेरासू, पश्चिम आफ्रिकेतील ओशुन आणि एशू, हवाई बेटांवरची पेले, न्यूझीलंडचा तानिफा अशी बरीच मंडळी पहिल्याच पानावर दाटीवाटीने हजर होती. आपल्या पुराणांपलीकडच्या कथाही मराठी मुलांना मराठीतच वाचायला मिळाव्यात, ही कल्पना स्वागतार्ह आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात गेली असल्यामुळे अशा मजकुराची मुले किती आतुरतेने वाट पाहतात, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही या पानाबाबत एक हरकत नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पानावरील जवळजवळ प्रत्येक नोंद ‘प्राचीन काळी लोक असे मानत असत’ याच सुरात लिहिलेली आहे. झ्यूस, आयसिस आणि ओडिन यांची मूळ देवळे ओस पडून शतके लोटली, हे खरे. पण अमातेरासूच्या देवस्थानात नित्याचा नैवेद्य आजही चुकत नाही, ओशुनच्या नदीकाठी दरवर्षी उत्सव भरतो, पेलेच्या ज्वालामुखीच्या कडेवर आजही कोणी ना कोणी फुले वाहून जाते. ज्यांची पूजा बंद पडली ते देव आणि ज्यांच्यापुढे आज माणसे नतमस्तक होतात ते देव, या दोहोंना एकाच माळेत ओवून त्यावर ‘जुन्या लोकांच्या कल्पना’ असा शेरा मारला की त्या देवांचे काही बिघडत नसेल, पण त्यांना मानणाऱ्या कोट्यवधी माणसांना आपण बसल्या जागी इतिहासजमा करून टाकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, अशा प्रत्येक नोंदीत त्या दैवताची पूजा आज चालू आहे किंवा नाही, चालू असल्यास ती कोण आणि कोठे करते, हे स्पष्ट लिहिले जावे.

अमातेरासूपासून सुरुवात करते. आपल्या लेखात आलेली तिची कथा इ.स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथातली आहे. भाऊ सुसानोओ याने भातखाचरांचे बांध फोडले, कापड विणण्याच्या दालनात सोललेला घोडा फेकला, तेव्हा ती गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार पसरला. मग उझुमे या देवीने पालथ्या घातलेल्या लाकडी पात्रावर पाय आपटीत असा काही नाच केला की जमलेले सगळे देव खदाखदा हसू लागले. आपल्यावाचून यांना एवढा आनंद कसला झाला, म्हणून अमातेरासूने गुहेतून डोकावून पाहिले, तेव्हा समोर धरलेल्या आरशात तिला आपलेच तेज दिसले आणि दाराआड दबा धरून बसलेल्या बलदंड देवाने तिला हात धरून बाहेर काढले. लेख इथे संपतो. खरे तर सांगण्याजोगा भाग इथून पुढे सुरू होतो.

तो आरसा ईसे येथील देवस्थानाच्या गाभाऱ्यात असल्याचे परंपरा मानते आणि तो कोणाच्याही दृष्टीस पडू दिला जात नाही. या देवस्थानाची मुख्य वास्तू दर वीस वर्षांनी लगतच्या मोकळ्या जागेवर हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडात जशीच्या तशी नव्याने उभारतात, देवतेला रात्रीच्या मिरवणुकीने नव्या वास्तूत नेतात आणि जुनी वास्तू उतरवून तिचे लाकूड इतर देवळांच्या कामाला देतात. इ.स. ६९० मध्ये सम्राज्ञी जितो हिच्या काळात सुरू झालेला हा प्रघात पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत शंभराहून अधिक वर्षे खंडित झाला होता, पण पुन्हा सुरू झाला. २०१३ मध्ये बासष्टाव्या वेळी असे स्थलांतर झाले आणि पुढचे २०३३ मध्ये व्हायचे आहे. बाहेरच्या देवस्थानात, म्हणजे अमातेरासूच्या अन्नाची व्यवस्था पाहणाऱ्या तोयोउके या देवतेकडे, रोज सकाळ-संध्याकाळ दोन वेळा भात, पाणी, मीठ, मासे, समुद्रशैवाल, भाज्या, फळे आणि साके यांचा नैवेद्य तयार होतो, आणि त्यासाठी लागणारा अग्नी लाकडावर लाकूड घुसळूनच पाडतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सम्राट नारुहितो यांनी राज्यारोहणानंतरच्या विधीत नव्या पिकाचा तांदूळ अमातेरासूला अर्पण केला, तेव्हा कासवाच्या कवचाला आच देऊन पडणाऱ्या भेगांवरून तोचिगी आणि क्योतो या दोन प्रांतांतील तांदूळ निवडला गेला होता. ज्या देवतेसाठी एकविसाव्या शतकातील एक अतिप्रगत देश एवढा खटाटोप करतो, तिच्याविषयी ‘जपानी लोक पूर्वी सूर्याला देवी मानत’ असे वाक्य मुलांच्या हाती देणे योग्य नाही.

जपानचा विषय निघालाच आहे, तर त्या नोंदीशेजारच्या चौकटीबद्दलही लिहिते. ‘जपानमध्येही आपला गणपती’ असे तिचे शीर्षक आहे. गणपती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचला, हा इतिहास बरोबर आहे आणि तो मराठी वाचकाला आवडणे साहजिक आहे. परंतु तिथला गणपती, म्हणजे कांगितेन, हा बहुधा दोन गजमुख आकृतींनी एकमेकांना दिलेल्या आलिंगनाच्या रूपात असतो, त्याची मूर्ती भक्तांना दाखवत नाहीत, ती बंद देव्हाऱ्यात ठेवून पुजारीच गुप्त विधी करतो, आणि टोकियोतील आसाकुसा भागात असलेल्या त्याच्या प्रसिद्ध देवळात लोक त्याला पांढरे मुळे वाहतात. मोदकाशी नाते सांगणारा तळलेला गोड पदार्थही त्याला चालतो. पण दहा दिवस मांडवात बसून सर्वांना दर्शन देणारा आपला बाप्पा आणि भक्तांच्या नजरेआड राहणारा हा देव यांच्यातले अंतर मिटवून टाकले, तर मुलांना कळण्यासारखे काय उरले? नाते सांगावे, आणि फरक त्याहून अधिक जागा देऊन सांगावा.

यानंतर आफ्रिकेच्या नोंदी. या नोंदींवर आपल्याकडून सर्वांत मोठा अन्याय झाला आहे. ओशुनला ‘आफ्रिकी जमातींची प्रेमदेवता’ असे म्हटले आहे आणि एशूच्या चित्रात त्याला शिंगे, शेपूट आणि लाल डोळे दिले आहेत. ओशुन ही योरुबा लोकांची देवता आहे. योरुबा समाज मुख्यतः आजच्या नैर्ऋत्य नायजेरियात राहतो, त्याची लोकसंख्या कोट्यवधींत आहे आणि त्याची मोठमोठी नगरे युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्या आधीपासून नांदत होती. ओशोग्बो या शहराच्या कडेला ओशुन नदीच्या तीरावर तिची सुमारे ७५ हेक्टरांची राई आहे. १९५० च्या दशकापासून सुझान वेंगर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीने स्थानिक कारागिरांसह तिथली मोडकळीस आलेली ठाणी पुन्हा उभी केली. ती स्वतः त्या परंपरेची दीक्षा घेऊन २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ओशोग्बोतच राहिली. २००५ मध्ये ही राई युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. दर ऑगस्टमध्ये तिथे मोठा उत्सव होतो. अरुग्बा म्हणजे व्रतस्थ कुमारिका, डोक्यावर झाकलेला भोपळ्याच्या तुंब्याचा कलश घेऊन, वाटेत ठेच न लागू देता राजवाड्यापासून नदीपर्यंत चालत जाते. तिच्या मागे सारे गाव लोटते, आणि मूल व्हावे म्हणून नवस बोललेल्या स्त्रिया नदीचे पाणी घेऊन जातात.

तिची जी कथा योरुबा लोकांना विशेष प्रिय आहे, ती तर लेखात आलीच नाही. सर्वोच्च देव ओलोदुमारे याने पृथ्वीची घडी बसवण्यासाठी सतरा देवांना खाली पाठवले. त्यांतल्या सोळा पुरुष देवांनी ओशुन ही बाई म्हणून तिला मसलतीत घेतले नाही. परिणामी त्यांचे एकही काम तडीस जाईना, पाऊस पडेना, औषधांचा गुण येईना. तक्रार घेऊन ते वर गेले, तेव्हा ओलोदुमारेने विचारले की, तुम्ही सतरावीला विचारले होते काय? सोळाही जणांना मुकाट्याने परत येऊन तिची मनधरणी करावी लागली. आठवी-नववीच्या मुलामुलींनी वाचावी अशी ही कथा ‘प्रेमदेवता’ या एका शब्दाखाली गाडली गेली, याचे मला वाईट वाटले.

एशूची गत त्याहून वाईट झाली आहे. तो चौकांचा, देवघेवीचा आणि निरोपांचा देव आहे. माणसांचा नैवेद्य देवांपर्यंत तोच पोहोचवतो, म्हणून प्रत्येक विधीत पहिला वाटा त्याचा असतो. (इथे आपल्याकडची एक तुलना चटकन सुचते, पण वर मीच हरकत घेतली असल्यामुळे ती टाळते.) त्याच्या खोडीची प्रसिद्ध कथा अशी की, शेजारशेजारची शेते कसणाऱ्या दोन जिवलग मित्रांनी मैत्रीच्या आणाभाका घेतल्या, पण एशूचा वाटा बाजूला काढायला ते विसरले. तो एके दिवशी दोन शेतांमधल्या वाटेने चालत गेला, आणि त्याच्या डोक्यावर एका बाजूने लाल व दुसऱ्या बाजूने काळी अशी टोपी होती. संध्याकाळी एक म्हणाला, लाल टोपीवाला गेला. दुसरा म्हणाला, काळ्या टोपीचा होता. आणि मैत्रीच्या गोष्टी करणारे दोघेही हातघाईवर आले. एकाच गोष्टीच्या दोन बाजू असू शकतात हे मारूनमुटकून शिकवणारा असा हा देव एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी सैतानाच्या जागी बसवला आणि बायबलच्या योरुबा भाषांतरातही सैतानासाठी त्याचेच नाव वापरले गेले. शिंगे आणि शेपूट तेव्हापासून त्याच्या वाट्याला आली. ज्याने पानाचे चित्र काढले त्याला हे ठाऊक नसेल, हे मी समजू शकते, परंतु नकळत का होईना, आपण दीडशे वर्षांपूर्वीची बदनामी पुन्हा छापली आहे.

ही बदनामी केवळ कागदावर राहिली नाही. गुलामांच्या जहाजांतून लक्षावधी माणसे अटलांटिकपार नेली गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे देवही गेले. क्यूबात ओशुनची पूजा मालकांच्या डोळ्यांदेखत एल कोब्रेच्या मेरीमातेच्या रूपाआडून चालू राहिली, तर ब्राझीलमध्ये कांदोम्ब्ले या नावाने संपूर्ण परंपरा उभी राहिली. ब्राझीलच्या बहिया राज्यात कांदोम्ब्लेच्या पूजास्थानांना १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागत असे. अमेरिकेत फ्लोरिडातील हायलिया शहराने तिथल्या सान्तेरिया (योरुबा देवांची क्यूबातली परंपरा) मंडळींचे विधी बंद पाडण्यासाठी केलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये रद्द ठरवले. आज दर वर्षी २ फेब्रुवारीला साल्व्हादोरच्या किनाऱ्यावर समुद्राची देवता येमांजा हिच्यासाठी कोळी लोक फुले, अत्तरे आणि आरसे यांनी भरलेल्या टोपल्या होड्यांतून खोल पाण्यात सोडतात. क्यूबातील ओशुनच्या पूजेतली एक बारीकशी रीत मला फार आवडते. तिला मध अर्पण करण्यापूर्वी तो भक्ताने स्वतः चाखून दाखवायचा असतो, कारण पूर्वी कोणी तरी मधातून विष घालून तिला मारू पाहिले होते. अशी जिवंत सावधगिरी केवळ पुस्तकातल्या देवाच्या वाट्याला येत नाही.

न्यूझीलंडच्या तानिफाला आपण ‘पाण्यात राहणारा काल्पनिक राक्षस’ म्हटले आहे. काही तानिफा माणसे ओढून नेणारे असतात हे खरे, पण अनेक तानिफा विशिष्ट माओरी कुळांचे आणि नदीच्या विशिष्ट वळणांचे राखणदार मानले जातात. २००२ मध्ये वाइकाटो नदीकाठी मेरेमेरे गावाजवळ महामार्गाचे काम चालू असताना न्गाती नाहो या कुळाने तिथल्या पाणथळीत कारुताही नावाच्या तानिफाचे स्थान असल्याचे सांगून आक्षेप घेतला. वर्तमानपत्रांतून टिंगल पुष्कळ झाली, पण रस्ता बांधणाऱ्या सरकारी यंत्रणेने काम थांबवून चर्चा केली आणि त्या जागेला धक्का लागू नये असा बदल आराखड्यात केला. पुढे २०१७ मध्ये त्या देशाच्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, कारण तिथले माओरी त्या नदीला आपली पूर्वज मानतात. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांनाही तसा दर्जा दिला. सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांत त्या आदेशाला स्थगिती दिली, हा भाग वेगळा. आपल्याकडे सातबाऱ्यावर देवाचे नाव लागते, देवाच्या वतीने दावे दाखल होतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या राखणदाराला राक्षस म्हणण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्राने तरी थोडा विचार करावा.

पेलेबद्दल थोडक्यात लिहिते. हवाईमध्ये १८१९ मध्ये राजसत्तेनेच जुनी धर्मबंधने मोडली, १८२४ मध्ये कपिओलानी या ख्रिस्ती झालेल्या सरदार स्त्रीने किलाउएया ज्वालामुखीच्या विवरात उतरून पेलेला जाहीर आव्हान दिले, आणि तरीही पेले तिथून हलली नाही. २०१८ च्या उद्रेकात शेकडो घरे लाव्ह्याखाली गेली, तेव्हा काही रहिवाशांनी येणाऱ्या लाव्ह्यासमोर ‘ती’ वनस्पतीची पाने ठेवली. पेले आली आहे, जागा तिचीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्वालामुखीवरचा दगड घरी नेला की पेलेचा शाप लागतो, ही लेखात रंगवून सांगितलेली गोष्ट मात्र जुन्या हवाई परंपरेत सापडत नाही. ती विसाव्या शतकात पर्यटकांमध्ये पसरलेली आहे, आणि घाबरलेले पर्यटक नेलेले दगड टपालाने तिथल्या राष्ट्रीय उद्यानाकडे परत पाठवत असतात. म्हणजे जे खरोखरचे ते गाळले आणि जे उपरे ते छापले, असा हा प्रकार झाला.

आता ज्यांची पूजा थांबली त्या देवांविषयी. त्यांच्याबाबतही ‘प्राचीन काळी मानत’ एवढ्याने भागत नाही, कारण पूजा आपोआप थांबत नसते. नाइल नदीतील फिले बेटावर आयसिसचे देऊळ इजिप्तचे बाकीचे जुने पूजापाठ मावळल्यानंतरही बराच काळ चालू होते. चित्रलिपीतला शेवटचा कालनिर्देशित लेख तिथेच इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला, आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या राजवटीत ते देऊळ सक्तीने बंद करून त्याचे चर्च करण्यात आले. आयसिसची नोंद या घटनेशिवाय अपुरी आहे. नॉर्स देवांची माहिती आपल्याला प्रामुख्याने ज्याच्या लिखाणातून मिळते तो स्नोरी स्तुर्लुसन हा तेराव्या शतकातला ख्रिस्ती आइसलँडर होता, आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. ‘लोकासेन्ना’ या जुन्या नॉर्स काव्यात लोकी हा ओडिनशी रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. आपल्या पानावरचा ‘थॉरचा भाऊ लोकी’ थेट चित्रपटातून आला आहे. गंमत अशी की, याच आइसलँडमध्ये जुन्या देवांना पुन्हा मानणाऱ्या मंडळींच्या संस्थेला १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि आज तिचे सभासद हजारोंच्या घरात आहेत. तेव्हा ओडिनची नोंद करतानाही ‘संपला’ हा शब्द जपून वापरावा.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलांच्या पानावर जागा कमी असते. त्यावर माझे उत्तर असे की, ‘योरुबा लोक हिची पूजा आजही करतात’ या वाक्याला ‘प्राचीन काळी आफ्रिकेत हिला मानत असत’ या वाक्याहून अधिक जागा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाराष्ट्राला अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीची मोठी परंपरा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच परंपरेतून आला, आणि मुलांना देवदेवस्कीच्या जिवंतपणाची वर्णने पुरवणे हे त्या कामाला पाठ दाखवण्यासारखे आहे, असे काही वाचकांना वाटू शकते. मी स्वतः त्या चळवळीबद्दल आदर बाळगणारी आहे. पण अमुक लोक अमुक देवाची पूजा करतात, हे विधान देवाविषयीचे नसून माणसांविषयीचे आहे आणि ते तपासून पाहता येते. दामोदर धर्मानंद कोसंबी पक्के मार्क्सवादी होते, देवावर त्यांचा विश्वास नव्हता, तरी पुण्याच्या परिसरात पायी फिरून त्यांनी म्हसोबा, तुकाई आणि माळरानावरच्या इतर अनेक ठाण्यांची नोंद केली, तिथे आजही कोण येते, काय वाहते, हे विचारले, आणि त्या आधारावर इतिहास लिहिला. नास्तिक माणसाने देवस्थानाकडे इतक्या बारकाईने पाहावे आणि मुलांच्या पानाने मात्र त्याकडे डोळेझाक करावी, यात विज्ञाननिष्ठा कोणती? उलट, परक्यांचे देव तेवढे कल्पित आणि आपले तेवढे खरे, असा समज या पानावरून मुलांचा होण्याचा संभव अधिक आहे, कारण आपल्याच पुरवणीतील गणपतीविषयक मजकूर कधीही ‘मानत असत’ या सुरात येत नाही.

या लेखमालेत पुढे ‘भारतातील भुते आणि पिशाच्चे’ हा भाग येणार असून त्यात वेताळाचा समावेश असल्याचे पानाच्या तळाशी जाहीर झाले आहे. सिंधुदुर्गाची रहिवासी म्हणून याची मला विशेष काळजी वाटते. विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ कथेत आहेच, पण वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, हा ग्रामदैवत आहे, गोव्यात आमोणे आणि लोलये येथेही बेताळाची ठाणी आहेत, आणि त्यांपैकी कोणालाही तिथले लोक पिशाच्च मानत नाहीत. वेतोबा रात्री गावाची राखण करीत हिंडतो, त्याच्या पायातल्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मापाने भल्या थोरल्या चामडी वहाणांचा जोड करून वाहतात आणि नवसाचे केळ्यांचे घड आणतात. मुंबईला नोकरीला गेलेली, परदेशी स्थायिक झालेली माणसे या देवळात नवस फेडायला येतात. त्या वहाणांचे तळवे खरोखर झिजलेले दिसतात, असे इथले लोक सांगतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु लोक असे सांगतात हे लेखात आलेच पाहिजे. ओशोग्बोच्या एखाद्या मराठी जाणणाऱ्या वाचकाने ओशुनची नोंद वाचून जे वाटून घेतले असते, तेच वेताळाला रक्तपिपासू भुतांच्या रांगेत पाहून आम्हांला वाटेल.

म्हणून दोन विनंत्या करते. एशूचे चित्र, लोकीचे नाते आणि पेलेचा शाप या तीन चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, मुलांच्या नजरेस पडेल अशा जागी छापावी. मुख्य अंकातील कोपऱ्यातला खुलासा मुले वाचत नाहीत. आणि वेताळाचा मजकूर छापण्याआधी आपल्या सिंधुदुर्गातील वार्ताहराला आरवलीला पाठवून तिथल्या मानकऱ्यांशी आणि पुजाऱ्यांशी बोलायला सांगावे, तसेच देवाचे छायाचित्र त्यांच्या परवानगीनेच घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, सावंतवाडी